खांदाबदल शस्त्रक्रिया : उतारवयातील धोके

झिजलेला किंवा मोडलेला खांद्याचा सांधा काढून त्या जागी धातू व प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवण्याला खांदाबदल म्हणतात. गुडघेबदल करून घेतलेले कोणी ना कोणी आता प्रत्येकाच्या नात्यात असते. खांदाबदल झालेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. सांध्याची झीज, खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे बंध कायमचे फाटणे आणि पडल्यामुळे दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचे तुकडे होणे ही तिची मुख्य कारणे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे दुखणे पुष्कळच कमी होते आणि वर्षानुवर्षे त्या कुशीवर न झोपलेला माणूस शांत झोपू लागतो. हा लाभ थोडा नव्हे, आणि धोके तोलायचे तेही त्याच्यासमोर ठेवूनच.

पहिला कृत्रिम खांदा 1893 मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल्स-एमिल पेआँ यांनी क्षयाने सांधा पोखरलेल्या एका पाववाल्याला बसवला. प्लॅटिनम व कठीण रबराचा तो सांधा जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. आधुनिक खांदाबदलाचा पाया 1950 च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स नीर यांनी घातला. 1985 मध्ये फ्रान्समधील दीजाँ येथे पॉल ग्रामाँ यांनी रचनाच उलटी केली: गोळा खवाट्याच्या हाडाकडे आणि वाटी दंडाच्या हाडाकडे. अशा सांध्यात फाटलेल्या बंधांचे काम खांद्यावरचा मोठा त्रिकोणी स्नायू करतो. म्हणून वृद्धांमध्ये आज हाच ‘उलटा खांदा’ बरेचदा निवडतात.

वयानुसार धोका कसा पालटतो, हे इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसते. 1998 ते 2017 या काळातील 58,000 हून अधिक नियोजित शस्त्रक्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. फुप्फुसात रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, छातीचा संसर्ग, मूत्रपिंड निकामी होणे, मृत्यू अशा गंभीर घटनांपैकी निदान एक पहिल्या 90 दिवसांत 4.6 टक्के रुग्णांना भोगावी लागली. पण 85 च्या पुढच्या पुरुषांत हेच प्रमाण पाचात एक इतके होते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा हिशेब नेमका उलट निघाला: 55 ते 59 वर्षांच्या पुरुषांत आयुष्यभराचा धोका चारात एक, तर 85 च्या पुढच्या स्त्रियांत 37 मध्ये एक. म्हाताऱ्या माणसाचा नवा सांधा बहुधा त्याला जन्मभर पुरतो. खरी कसोटी असते ती पहिल्या तीन महिन्यांत हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तग धरतात की नाही याची. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र ‘सांधा किती वर्षं टिकेल?’ हाच असतो. वरील आकडे नियोजित शस्त्रक्रियांचे आहेत. पडून हाड मोडल्यावर तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया अधिक जोखमीची, कारण तेव्हा तब्येत सावरायला वेळच मिळत नाही.

भूल देण्यातही या शस्त्रक्रियेच्या खास अडचणी आहेत. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, तेव्हा त्या बाजूचे श्वासपटलही काही तास लुळे पडू शकते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही; जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसे कमजोर झालेल्या रुग्णाला धाप लागते. रुग्णाला अर्धवट बसते करून शस्त्रक्रिया होते, त्या स्थितीत रक्तदाब उतरला तर मेंदूला रक्त कमी पडण्याची भीती असते. नंतरच्या एकदोन रात्री वृद्ध रुग्ण वेळकाळ विसरतो, घरच्यांना ओळखत नाही, सलाईनची नळी ओढतो. नातेवाईक घाबरून जातात. ही भ्रमावस्था बहुधा काही दिवसांत ओसरते, पण डॉक्टरांना ती लगेच सांगायलाच हवी, कारण तिच्यामागे संसर्ग, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषधही असू शकते.

सांध्याचे स्वतःचे धोके म्हणजे तो निखळणे, खिळखिळा होणे, काखेजवळची नस दुखावणे आणि संसर्ग. खांद्याच्या त्वचेतील तैलग्रंथींत राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू इतका सावकाश वाढतो की प्रयोगशाळेत नमुना दोन आठवडे ठेवावा लागतो. ताप नाही, पू नाही, फक्त न थांबणारे दुखणे एवढीच कधी त्याची खूण असते. हाडे ठिसूळ असतील तर उलट्या खांद्यात त्रिकोणी स्नायूच्या ताणाने खांद्याच्या माथ्यावरचे हाड काही महिन्यांनी तडकू शकते.

उलटा खांदा निखळतो तो बहुधा हात पाठीमागे नेऊन आत वळवताना किंवा मागे टेकलेल्या हातावर भार देऊन उठताना. नऊवारीचा काष्टा मागे खोचणे, चोळीच्या मागच्या हुकाकडे हात नेणे, पाटावरून उठताना जमिनीला हात टेकणे या सगळ्यांत नेमकी तीच हालचाल आहे. म्हणून झोळीत हात असेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे उंच खुर्ची, पुढून बंद होणारे कपडे आणि आंघोळीला मदतीचा हात लागतो. ही सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी लागते. एकट्या राहणाऱ्या आजीला दवाखान्यातून घरी सोडताना हाच प्रश्न सर्वात अवघड होऊन बसतो.