जनाची लाज, मनाचा पहारा

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांचे विद्यार्थी बसलेल्या प्रवाशांपुढे जाऊन एवढंच विचारत, ‘तुमची जागा मला द्याल का?’ कारण सांगायचं नाही. तरीही ६८ टक्के वेळा जागा मिळाली. बहुतेक जण उठले, काहींनी सरकून घेतलं.

विद्यार्थ्यांनी ‘उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही’ असं फुटकळ कारण पुढे केलं, तेव्हा मात्र हे प्रमाण ४२ टक्क्यांवर घसरलं! काही न बोलता जागा मागणारा माणूस बहुधा आजारी असावा, असं लोक मनाशी धरून चालत होते. कारण कळलं आणि ती शंका फिटली.

पण मला या प्रयोगातला खरा मासला वाटतो तो विचारणाऱ्यांचा. त्यांची पाचावर धारण बसत होती. मिलग्रम स्वतः गेले, तर शब्द घशातच अडकले. कसंबसं विचारलं, समोरचा माणूस निमूट उठला आणि मिलग्रम त्या जागेवर मान खाली घालून बसले, चेहरा पांढराफटक. ते सोंग नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. मागणी योग्य ठरावी म्हणून जणू आजारी दिसणं भागच होतं. गाडीतून उतरल्यावर सगळं एकदम ओसरलं.

दंड नाही, शिक्षा नाही, कुणी खेकसलंही नाही. मग घाम कशाचा? ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असं आपण म्हणतो खरं, पण या दोन लाजा इतक्या सुट्या नसाव्यात.

हा पहारा फार लवकर बसतो. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हान्नेस राकोत्सी आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना एक नवाच खेळ दाखवला. मग एक बाहुली आली आणि तोच खेळ वेगळ्या पद्धतीनं खेळू लागली. मुलांचं काही बिघडत नव्हतं. तरी ‘असं नसतं करायचं!’ म्हणत ती तिला दटावू लागली. दोन वर्षांच्या मुलांमध्ये ही दटावणी बरीच कमी होती.

मोठेपणी दटावायलाही कुणी लागत नाही, इतर काय करतात याचा नुसता अंदाज पुरतो. कॅलिफोर्नियात २००७च्या एका अभ्यासात सुमारे २९० घरांना शेजारपाजारचा सरासरी वीजवापर कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पण आधीपासून काटकसर करणाऱ्यांचा वापर वाढला! त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली.

आणि अंदाज चुकला तर? १९९३मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत असं दिसलं, की आवारात चालणारी दारू स्वतःला जितकी खटकते तितकी इतरांना खटकत नाही, असं तिथल्या बहुतेकांना वाटत होतं. वर्गातही असंच होतं. ‘कळलं ना?’ असा प्रश्न येतो. ज्याला कळलेलं नाही तो हळूच आजूबाजूला बघतो. सगळ्यांच्या माना डोलताहेत. त्याचीही डोलते, आणि ती बघून मागच्या बाकावरच्याची.