गाडी उलार झाली पाहिजे, पण किती?

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा तालुक्यातल्या काळ्या रानातून उसाच्या ट्रॉल्या ओढून काढणारा ट्रॅक्टर बघावा. बांधाच्या चढाला ड्रायव्हर क्लच सोडतो आणि पुढची चाकं हातभर वर येतात. बैलगाडीच्या काळातला शब्द आजही कानावर येतो : ‘उलार झाली.’ पुढचा भार मागं गेला. ट्रॅक्टरवाल्याला याची धास्ती असते, म्हणून तो पुढं लोखंडी वजनं बांधतो. ड्रॅग रेसवाल्याला मात्र नेमकं हेच हवं असतं.

ड्रॅग रेस म्हणजे थांबलेल्या गाडीनं सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कमीत कमी वेळात कापणं. यात पहिल्या काही मीटरांत जे हरवतं, ते पुढं इंजिन कितीही ओरडलं तरी भरून येत नाही. आणि त्या पहिल्या मीटरांचा हिशेब इंजिनापेक्षा मागच्या सस्पेन्शनकडं जास्त असतो.

सांगली-मिरज रस्त्याकडेच्या एका गॅरेजात माझी अधूनमधून बैठक असते. तिथं विट्याचा एक पोरगा जुनी पद्मिनी घेऊन आला होता. आत भलतंच मोठं इंजिन बसवलेलं. म्हणाला, “मिस्त्री, मागं दोन पाटं वाढवा. गाडी लई बसतीय, म्हणून चाक जागेवर फिरतंय.”

मिस्त्री गाडीखालूनच बोलले, “बसतीय म्हणून न्हाई फिरत, बाळा. पाटं पिळ खातंय म्हणून फिरतंय.”

पाटे म्हणजे मागच्या एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. दोघांच्या वाक्यांत अख्खं भौतिकशास्त्र आहे. आधी बसण्याचं, म्हणजे निघताना गाडीचा मागचा भाग खाली दबण्याचं, बघू. गाडीनं वेग घेतला की भार मागं सरकतो. किती सरकतो? गाडीचं वजन, गुरुत्वाच्या तुलनेत त्वरण किती, गुरुत्वमध्याची उंची, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, बस्स. समजा गाडी 1000 किलोची, गुरुत्वमध्य 50 सेंटिमीटर उंच, चाकांतलं अंतर 250 सेंटिमीटर आणि त्वरण गुरुत्वाच्या 0.4 पट. मग 1000 × 0.4 × 50 ÷ 250, म्हणजे 80 किलो भार मागं जातो. या हिशेबात स्प्रिंग कुठंच नाही! पाटे कडक करा नाहीतर मऊ, शेवटी सरकणारा भार जवळजवळ तोच राहतो. तो किती झटक्यात किंवा किती सावकाश सरकतो, एवढंच स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ठरवतात. म्हणजे पाटे वाढवून पोराच्या हाती ताठ गाडी आली असती. पकड तेवढीच.

याच गाडीच्या मागच्या चाकांवर उभ्या स्थितीत 450 किलो असतील, तर निघताना 530 होतात. टायरची पकड भाराच्या 0.8 पट धरली तर 424 किलोचा जोर रस्त्यावर उतरू शकतो, 0.4 पट त्वरणाला लागतो 400. जमलं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत उलटं होतं. पुढं 550 असतात, निघताना 470 उरतात आणि पकड 376 वर येते. तेवढं त्वरण तिला मिळणारच नाही. म्हणून तुमची हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालत असेल, तर मागं महागडे सुटे भाग लावण्याआधी थांबा. पैसे आधी पुढच्या टायरांत घाला.

आता मिस्त्रींचं वाक्य. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, 180 न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरनं चौपट, डिफरेन्शियलनं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरनं) आणखी चौपट, म्हणजे मागच्या एक्सलवर 2880. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला साधारण 290 किलो लटकवल्यासारखं. चाकं पुढं फिरतात तशी एक्सलची हाउसिंग, म्हणजे तिच्याभोवतीचं कवच, उलट दिशेला फिरू बघते, तिचं नाक वर उठतं. तिला धरून असतात फक्त पाटे. ते नागमोडी पिळतात, टायर घसरला की सटकन सुटतात, टायरनं पुन्हा पकड घेतली की पुन्हा पिळतात. सेकंदात अनेकदा. चाक रस्त्यावर चेंडूसारखं थडथडतं, आणि हे चालूच राहिलं तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटतो.

यावरचं स्वस्त औषध म्हणजे ट्रॅक्शन बार. पाट्याखाली एक्सलपाशी घट्ट बांधलेला, पुढं जाणारा लोखंडी बार, टोकाला रबर. हाउसिंगचं नाक उठू लागलं की रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी (टोकाच्या गोल कडीपाशी) टेकतं आणि पीळ तिथंच अडतो. शिवाय तो रेटा गाडीला वर आणि टायरला खाली दाबतो. हा रेटा फार झाला तर टायर क्षणभर चेपून पुन्हा हलका होतो, हेही खरं. रबर आणि पाटा यांच्यातली फट कमी-जास्त करून ते जुळवावं लागतं.

पोराच्या गाडीची आणखी एक खोड होती : डांबरावर काळा पट्टा एकच, तोही उजव्या चाकाचा. प्रोपेलर शाफ्टचा पीळ दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड एक्सलला एका बाजूला कलवतो, उजवं चाक हलकं होतं आणि साधा डिफरेन्शियल सगळी ताकद त्याच चाकातून वाया घालवतो. अमेरिकी रेसवाले म्हणूनच उजवीकडचा पाटा जरा कडक ठेवत आले आहेत.

माझा क्रम विचाराल तर आधी टायर आणि हवा, मग झिजलेले बुश (सांध्यांतली रबरं) आणि शॉकॲब्सॉर्बर, मग ट्रॅक्शन बार. एक्सल चार दांड्यांनी धरणारं फोर-लिंक वगैरे खूप नंतर. रोज खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला तर बहुधा कधीच नाही. आणि चाचणी हायवेवर नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे. त्यासाठी लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर होणाऱ्या अधिकृत शर्यती आहेत.

मिस्त्रींनी पाटे वाढवले नाहीत. बुश बदलले, बार बसवले आणि पोराला मोबाईल काढायला लावला. “मागच्या चाकाजवळ बस आणि स्लो मोशनमधी घे. टायर आणि मडगार्डमधली फट वाढतीय का कमी होतीय, ते बघून सांग. मग पुढचं बोलू.”