स्वतंत्र जागल्या सेवा (गोवा)

स्वतंत्र जागल्या सेवा : कामाच्या ठिकाणी चाललेली अफरातफर, खोट्या नोंदी, छळ किंवा सुरक्षेतली हयगय कर्मचाऱ्याला आपली ओळख न सांगता कळवता यावी, म्हणून त्या आस्थापनेबाहेरच्या संस्थेने चालवलेली तक्रारनोंदणीची व्यवस्था. करार आस्थापना करते, पैसेही तीच भरते. पण फोन उचलणारा माणूस तिच्या पगारावर नसतो. सगळी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

‘जागल्या’ हा गावगाड्यातला शब्द. रात्री गावाची राखण करणारा, चाहूल लागली की लोकांना उठवणारा तो जागल्या. इंग्रजी ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी पत्रकारितेत हा शब्द वापरला जातो आणि तो मूळ शब्दाहून सरस आहे, कारण जागल्या त्याच गावचा असतो. गोव्यात मात्र अशा माणसाच्या वाट्याला बहुधा ‘चाडी सांगणारा’ हा शिक्का येतो. चहाडी स्वतःचे बस्तान बसवण्यासाठी केली जाते. जागल्याला बोलून मिळत काहीच नाही, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ असते. हे दोन शब्द एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतला सुपरवायझर आपल्याच वाड्यावरचा निघतो; मनुष्यबळ विभागातली बाई बहिणीची वर्गमैत्रीण असते; व्यवस्थापक जत्रेत भेटतो, नाहीतर चर्चच्या फेस्ताला. अशा ठिकाणी नाव लपवले म्हणून माणूस लपत नाही. औषधकारखान्यातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत चाचणीचा नको असलेला निकाल संगणकातून पुसला जातो आणि बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या त्या घाण्याच्या नोंदवहीत, दुसऱ्या चाचणीचा आकडा चढतो. रात्रपाळीला तिघेच असतात. तक्रारीत तारीख, पाळी आणि यंत्राचा क्रमांक आला की सही नसली तरी लिहिणारा कोण हे दुपारपर्यंत कँटीनमध्ये ठरलेले असते. म्हणून चांगली सेवा तक्रार जशीच्या तशी पुढे पाठवत नाही. ज्या तपशिलावरून माणूस ओळखू येईल तो ती बाजूला काढते, तक्रारदाराला विचारून मजकूर पुन्हा मांडते, आणि ‘गेल्या तिमाहीतल्या पुसलेल्या नोंदी तपासा’ अशा रुंद शब्दांत कळवते. म्हणजे तपासणारा एका पाळीवर न थांबता सगळ्याच पाळ्यांच्या नोंदी उघडतो.

‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ यांत इथे गल्लत होते. निनावी तक्रारीत नाव कोणालाच ठाऊक नसते. गोपनीय तक्रारीत ते सेवेला ठाऊक असते, आस्थापनेला नाही. निनावी पत्राची मोठी अडचण अशी की त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. स्वतंत्र सेवेत तक्रारदाराला एक प्रकरण क्रमांक आणि संकेतशब्द मिळतो. काही दिवसांनी त्याच क्रमांकावर तो परत येतो, तपासणाऱ्याचे प्रश्न वाचतो, उत्तर देतो, हवा तर कागद जोडतो. नाव तरीही बाहेर पडत नाही. आस्थापनेत तक्रार कोणाकोणाकडे जाणार याची यादीही आधीच ठरलेली असते. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नाव त्या यादीत असेल, तर त्याला आपोआप वगळले जाते. ही शेवटची सोय करारात लिहिलेली नसेल, तर अशा सेवेवर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत एन्रॉन ही ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यामुळे कोसळल्यानंतर आलेल्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांना (संचालक मंडळाच्या हिशेब पाहणाऱ्या समित्यांना) कर्मचाऱ्यांच्या गोपनीय, निनावी तक्रारींची सोय करायला लावली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अंतर्गत तक्रारमार्ग सक्तीचा केला. त्यात पोच सात दिवसांत आणि केलेल्या कारवाईची माहिती साधारण तीन महिन्यांत द्यायची असते. भारतात कंपनी कायदा, २०१३ चे कलम १७७ आणि त्याखालचे नियम सूचिबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना ‘दक्षता यंत्रणा’, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची सोय, बंधनकारक करतात. तक्रारदारावर सूड उगवला जाऊ नये आणि योग्य प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत थेट जाता यावे, हे त्यात आहे. ही यंत्रणा बाहेरच्या संस्थेकडे सोपवा, असे मात्र कायदा म्हणत नाही; ते कंपनीच्या इच्छेवर. कौटुंबिक मालकीची हॉटेले, दुकाने, लहान कारखाने या चौकटीत सहसा येतच नाहीत, आणि गोव्यात कितीतरी लोक तिथेच नोकरी करतात.

सरकारी बाजूची कहाणी दुःखाची आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. त्यानंतरच्या संतापातून एप्रिल २००४ चा केंद्र सरकारचा ठराव आला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार पाठवता येते. लिफाफ्यावर तक्रारदाराचे नाव नको, आत मात्र हवे. आयोग निनावी पत्र घेत नाही. वास्कोतले गोवा शिपयार्ड आणि मुरगाव बंदर केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तिथल्या कर्मचाऱ्यांना हा मार्ग खुला आहे. गोवा राज्य सरकारच्या खात्यांना तो लागू नाही. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. दुबे यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळाने झालेला कायदा असा कागदावर पडून राहावा, याची लाज वाटली पाहिजे.

गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणप्रकरणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. केंद्राने नेमलेल्या न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामाने ३४,९३५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. पाठोपाठ खाणी थांबल्या, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले. आयोग आणि न्यायालयात गेलेले याचिकाकर्ते खाणींच्या बाहेरचे होते. वजनकाट्यावरचा कारकून, ट्रकचालक, जेटीवर बार्ज भरणारे कामगार यांच्या डोळ्यांसमोरून तर खेपेमागून खेप जात होती. त्यांना विश्वासाने सांगायला जागा असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला सतावतो. शेवटी खाणी बंद पडल्या तेव्हा रोजगार त्यांचाच बुडाला. प्रमाणित फसवणूक-परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात उघडकीस आलेल्या फसवणुकींपैकी ४३ टक्के कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे कळल्या, आणि अशी माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते.

या सेवेला मर्यादाही आहेत. ती स्वतः चौकशी करत नाही, बडतर्फी रोखू शकत नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी, तीन महिन्यांत द्यावी लागते. सेवेला फोन केला म्हणून ही मुदत थांबत नाही आणि फोन घेणाऱ्याने हे पहिल्याच संभाषणात सांगायला हवे. कलम १७७ ‘संचालक आणि कर्मचारी’ एवढेच म्हणते. कंत्राटी कामगार त्यात धरायचे की नाही, हे कंपनीच्या धोरणावर ठरते. हॉटेलचा सफाई कामगार किंवा कारखान्यातला पॅकिंगवाला ठेकेदाराचा असेल, तर त्याला सेवेचा नंबर माहीतच नसतो. नंबरचा कागद हजेरीच्या यंत्राशेजारी, कॅमेऱ्याखाली लावण्यात अर्थ नाही. तिथे उभे राहून तो उतरवून घेणार कोण? स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू ही त्याची योग्य जागा.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष आहे. कोकणी आणि मराठीबरोबर हिंदी व कन्नडमध्येही बोलता आले पाहिजे, आणि भाषांतर सेवेच्याच माणसांनी केले पाहिजे. मूळ तक्रार कोणत्या भाषेत आली होती, हे कंपनीला जाणाऱ्या अहवालात लिहू नये. रात्रपाळीच्या तिघांत कन्नड बोलणारा एकटाच असेल, तर तेवढ्यावरून त्याचे नाव कळते.