तांबडी धूळ आणि बॉनेटवरची चकाकी

दसरा आठवड्यावर आला की आमच्या फोंड्याच्या वाड्यावर सकाळी सकाळी पाण्याच्या नळ्या सुरू होतात. चार महिने पावसात भिजलेल्या गाड्या अंगणात निघतात. कुणी शॅम्पूची बाटली शोधतो, कुणी धाकट्याला जुनी बनियन आणायला पिटाळतो. पूजेला गाडी चकचकीत हवी! दोन वर्षांपूर्वी मीही माझी काळी गाडी अशीच जुन्या बनियनने मन लावून पुसली. दुपारी उन्हात उभी केली, तर बॉनेटमधल्या सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसत होतं. ते जाळं सकाळी मीच विणलं होतं.

ते जाळं घरातही दिसतं. रोज घासलेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा दिसतील. ताट सरकवा, गोलही सरकतील. खरं तर ताटावर गोल असे कुठेच नसतात. ओरखडे सगळीकडे, सगळ्या दिशांनी गेलेले असतात. पण त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच किरण आपल्या डोळ्याकडे वळवतात, बाकीचे गप्प बसतात. अशा आडव्या तुकड्यांची मिळून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. काळ्या गाडीवर हे जास्त खुपतं, कारण काळा रंग बाकीचा प्रकाश गिळतो आणि ओरखड्यांनी विखुरलेला तेवढा उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात, फक्त ते रंगात मिसळून जातात.

आता हे ओरखडे नेमके कशावर पडतात? आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग रंग धरून ठेवणारा प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपली सगळी चकाकी केसाहूनही पातळ अशा प्लास्टिकच्या पापुद्र्यावर उभी आहे. जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, कारण तेव्हा वर हा पापुद्राच नसे.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी चोपडणं, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात पॉलिश काढून घेतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिशय बारीक, कठीण कण असतात. ते क्लिअर कोटचा वरचा भाग खरवडतात आणि मोठ्या ओरखड्यांच्या जागी असंख्य बारीक ओरखडे पाडतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ओरखडा त्याहून बराच बारीक झाला की प्रकाशाला तो जाणवत नाही, किरण सरळ परततो आणि आपण म्हणतो, काय आरसा झालाय!

इथे मला आपल्या तांबड्या मातीची गंमत वाटते. जांभ्याला आणि मातीला हा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. त्यांपैकीच एक, हेमेटाइट या लोहखनिजाच्याच रासायनिक घडणीचं ऑक्साइड, सोनार आणि आरसे घासणारे ‘रूज’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पॉलिशला वापरत आले. मग गाडीवर बसलेली डिचोली-सावर्ड्याच्या खाणपट्ट्याकडची तांबडी धूळ फडक्याने फिरवली तर पॉलिश का होत नाही? कारण रूजचे कण बारीक आणि सारखे असतात. रस्त्यावरच्या धुळीत मोठे, टोकदार खडे असतात, शिवाय क्वार्ट्‌झची रेती असते. क्लिअर कोटच्या मानाने ही दोन्ही खूप कठीण.

म्हणून सगळ्या कामात महत्त्वाचं काम धुण्याचं. लोक पॉलिशच्या मशीनला पैसे मोजतात आणि धुण्याला पाच मिनिटं देतात, हे मला उलटं वाटतं. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना घ्यावी, नाहीतर शॅम्पू जागीच वाळतो. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि खार उतरवायचा. मिरामार-कळंगुटच्या बाजूला, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खाराला हलकं समजू नये. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीत होतं तेच. खरचटून पत्रा उघडा पडला असेल तिथे हे खारट पाणी गंजाला आयतं निमंत्रण देतं.

मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे मऊ कापडी हातमोजा, शॅम्पूत बुडवा, टपावरून खाली या, आणि पुन्हा शॅम्पूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्या. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला तांबडा गाळ एकदा पाहिला की बनियन वापरायची इच्छाच होत नाही. पुसताना टॉवेल दाबून फिरवू नका, नुसता टेकवा. कावळ्याची घाण मात्र पुढच्या रविवारपर्यंत ठेवू नका. त्यात युरिक आम्ल असतं आणि आपल्या उन्हात ते क्लिअर कोट लवकर खातं. मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य भरदुपारी पणजीच्या अगदी माथ्यावर असतो. तेव्हा बॉनेटला हात लावून बघा.

धुतल्यावरही हाताला खरखर लागली तर क्ले बार. ही मातीसारखी मऊ वडी भरपूर निसरडं पाणी मारून फिरवली की रुतलेले कण उचलून घेते. ती जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यावी.

आता ओरखड्यांकडे. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे आणि तो पॉलिशने घालवण्याच्या नादात क्लिअर कोटच जाईल. मशीनच्या एका पॉलिशमध्ये साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात, रबिंग कंपाउंड या कडक, जास्त खरवडणाऱ्या पॉलिशने आणखी. क्लिअर कोटमधली ऊन अडवणारी रसायनंही त्याबरोबर कमी होतात. ‘दर सर्व्हिसिंगला रबिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं. त्याचा पॅड फिरता फिरता डोलतो, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, दीड-दोन फुटांचा चौकोन, आधी आडवे हात, मग उभे. सगळ्यात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने एका कोपऱ्यात करून पाहा. तेवढ्याने भागलं तर कडक काही हातात घेऊच नका.

नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि ओरखडे गेल्याचा भास होतो. ओली गाडी नेहमी देखणी दिसते त्याचं कारण हेच. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. ओरखड्यात हवेऐवजी पाणी किंवा तेल भरलं की दोन माध्यमांतला फरक घटतो आणि प्रकाश कमी विखुरतो. काही गॅरेजवाल्यांची कला या तेलातच असते. दोनदा गाडी धुतली की जाळं परत हजर.

शेवटी संरक्षण. ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाचं कार्नोबा वॅक्स सोपं, पण आपल्या पावसात फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. त्यातले बरेचसे प्रकार हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होतात, म्हणून भर पावसाळ्यात ते पुसायच्या आत डाग धरू शकतात. पाऊस ओसरल्यावरचे कोरडे दिवस त्याला बरे.

गेल्या दसऱ्याला गाडी अशीच रीतसर करून उभी केली. आईने आरती ओवाळली, झेंडूची माळ घातली आणि मी काही बोलायच्या आत बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी मी ते पुसलं नाही, वरून तांब्याने पाणी सोडलं. ‘एवढ्याशा कुंकवाला सहा तांबे?’ आई पायरीवरून म्हणाली. सातवा ओतला तेव्हा शेवटची तांबडी रेघ बंपरवरून मातीत उतरली.