सीलबंद पाकिटावरचा संशय : एक जुनी गोष्ट

फोंड्याला आजोळी माळ्यावरच्या ट्रंकेत पानिनी या इटालियन कंपनीचं, फुटबॉलपटूंच्या चित्रांचं एक न फोडलेलं पाकीट सापडलं, 1986 च्या मेक्सिको विश्वचषकाचं. मामा बोटीवर होते. कुठल्याशा बंदरात भाच्यांसाठी घेतलेल्या पाकिटांतलं हे एक वाटायचं राहून गेलं असणार. त्याची एक कड अर्ध्या बोटाएवढी सुटली आहे. आत मॅराडोना असेल का, हा घरातल्या मुलांचा प्रश्न. जुनी पाकिटं विकत घेणारा मात्र आधी ती कड बघेल. ती गोव्याच्या चार महिन्यांच्या दमटपणाने सुटली की आतलं हवं ते काढून पाकीट पुन्हा चिकटवणाऱ्या कुणाच्या नखाने?

खेळाडूंची कार्डं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटच्या पाकिटांत आली. कागदी पाकीट चेंबू नये म्हणून आत पुठ्ठा लागायचा, त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईकही टिकायचं. पुढे तंबाखू गेली आणि बबलगम आला. टॉप्स कंपनीने 1952 साली बेसबॉलचा मोठा संच काढला. हंगामाच्या शेवटी आलेली त्यातली कार्डं खपलीच नाहीत. 1960 मध्ये उरलेल्या पेट्या बार्जवर चढवून अटलांटिक समुद्रात टाकल्या. त्याच संचातलं मिकी मँटलचं 311 क्रमांकाचं एक कार्ड 2022 च्या लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं. पेट्या बुडवणाऱ्यांना हे स्वप्नातही दिसलं नसेल. न खपलेलं पाकीट म्हणजे तेव्हा अडगळ होती, त्यामुळे ते कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद कोण ठेवणार? आजच्या संशयाचं मूळ मला इथेच दिसतं.

पाकिटाची घडणही भोळी होती. मेणकागदात कार्डं आणि गमची पट्टी ठेवायची, मागे घडी घालून उष्णतेने चिकटवायची, झालं. उष्णतेने बसलेलं मेण उष्णतेनेच सुटतं. म्हणून जाणकार भिंगाखाली घडी बघतात. कारखान्यातला डाग एकाच दाबाचा असतो. पुन्हा चिकटवलेल्या ठिकाणी मेण पसरतं, नाहीतर घडीची जुनी रेघ नव्या रेघेशी जुळत नाही. पाकीट फोडल्यावरही खुणा सापडतात. गमला टेकलेल्या कार्डावर तपकिरी डाग हवा, मागच्या कार्डावर मेणाचा ओघळ हवा. शिवाय कार्डं छापखान्यातून ठराविक क्रमाने येत. फ्लिअर कंपनीच्या 1986 च्या बास्केटबॉल संचात एकूण 132 कार्डं, त्यातलं 57 वं मायकेल जॉर्डनचं. क्रम मोडलेला असेल आणि नेमका जॉर्डनच गायब असेल, तर कुणीतरी आधी हात घालून गेलं आहे असं समजायचं.

पारखणाऱ्या संस्था 1991 पासून जोरात आल्या. कार्ड तपासायचं, गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायचं. पीएसए या अशाच एका अमेरिकी संस्थेने डबीबंद केलेलं पहिलंच कार्ड होतं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, सिगारेटच्या काळातलं. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे बिल मास्त्रो या लिलावदाराने 2013 मध्ये न्यायालयात कबूल केलं. सुट्या कार्डाच्या बाबतीत हे घडत असेल, तर बंद पाकिटाचं काय बोलायचं! 2022 च्या जानेवारीत यूट्यूबर लोगन पॉलने 35 लाख डॉलरना घेतलेली पोकेमॉन कार्डांची पेटी फोडली. ती आधी तज्ज्ञांनी तपासलेली होती. आत निघाली जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं. पोकेमॉनची ही काही खेळाडूंची कार्डं नव्हेत, पण धडकी सगळ्याच संग्राहकांना भरली.

तरीही लोक पैसे मोजतात. कॅनडात एका घरात सापडलेली 1979-80 च्या आइस हॉकी कार्डांची न फोडलेली पेटी 2024 मध्ये 37 लाख 20 हजार डॉलरना गेली. 16 खोके, दहा हजारांवर कार्डं, संचात 396. हिशेबाने वेन ग्रेट्स्की या हॉकीपटूची पदार्पणातली कार्डं 27 च्या आसपास निघायला हवीत. पण तो हिशेब खरा की खोटा हे पेटी फोडल्यावरच कळणार, आणि फोडली की ती सीलबंद पेटी उरत नाही.

आमच्या गोव्याशी या सगळ्याचा धागा फुटबॉलचा, म्हणजे पानिनीचा. मोदेना शहरातल्या पानिनी भावांनी 1961 साली आपला पहिला संच काढला आणि 1970 च्या मेक्सिको विश्वचषकाच्या अल्बमने ते इटलीबाहेर पोचले. बोटीवरच्या आणि आखातातल्या माणसांच्या सामानातून अशी पाकिटं आपल्याकडे येत. त्यांना पावती नाही, तारीख नाही. माझ्या मते अशा पाकिटाचा खरा दाखला म्हणजे ते ज्या ट्रंकेत सापडलं ती ट्रंक, तिच्यातली पत्रं आणि मामांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक. ते सगळं मी पाकिटासोबतच ठेवलं आहे, कोरड्या डब्यात.

मावशी म्हणाली, "एवढीशी कड सुटलीय, थोडा डिंक लावून टाक की रे." डिंकाची बाटली टेबलावरच होती. मी ती उचलून खिडकीत ठेवली.