दहाची मर्यादा आणि तुमच्या कपाटातली जुनी मॅगझिन्स
(वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“माझ्याकडे पंधरा गोळ्यांचं जुनं मॅगझिन आहे. ते आता जमा करावं लागेल का?”

मॅगझिन म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत बसवायची डबी. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनच्या विक्रीवर आपल्या राज्यात बंदी आल्यापासून दुकानात हा प्रश्न अजूनही येतो, आणि विचारणारा खरोखर काळजीत असतो. म्हणून उत्तर आधी देतो: नाही. ते मॅगझिन १ जुलै २०२२ च्या आधीपासून इथे वॉशिंग्टन राज्यातच तुमच्याकडे रीतसर असेल, तर ते तुमचंच आहे. त्याची नोंदणी करायची नाही, ते पोलिसांकडे न्यायचं नाही, मोडायचंही नाही. या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्या राज्याचा कायदा असं मॅगझिन जवळ असण्याला हात लावत नाही. ते हातातून हातात गेलं किंवा राज्याची हद्द ओलांडून आत आलं, की कायदा लागू होतो.

आम्ही सिएटलच्या पूर्वेला परवानाधारक छोटं दुकान चालवतो, दुसरीकडून मागवलेल्या बंदुकांचं हस्तांतर करतो आणि नवख्यांसाठी सुरक्षिततेचे वर्ग घेतो. आम्ही वकील नाही. पण रोज याच कायद्याच्या चौकटीत काम करतो, आणि आपल्या माणसांच्या चुका नेमक्या कुठे होतात ते समोर बघतो. त्यातल्या बऱ्याचशा चुका कोणी मुद्दाम केलेल्या नसतात.

कायदा काय म्हणतो

तेव्हाचे गव्हर्नर जे इन्स्ली यांनी २३ मार्च २०२२ रोजी या कायद्यावर सही केली आणि तो १ जुलै २०२२ पासून लागू झाला. मागणी त्याआधीच्या काही वर्षांची होती. जुलै २०१६ मध्ये आपल्याच राज्यातल्या मुकिल्टिओ इथे एका घरगुती पार्टीत तीन तरुण जीव गेले. मारेकऱ्याकडे तीस गोळ्यांचं मॅगझिन होतं. त्यानंतर राज्याचे ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) बॉब फर्ग्युसन हा विषय वारंवार विधिमंडळाकडे नेत राहिले. आज तेच गव्हर्नर आहेत.

दहापेक्षा जास्त गोळ्या मावतात असं मॅगझिन राज्यात बनवणं, बाहेरून आणणं, कोणाला देणं, विकणं किंवा विकायला ठेवणं बंद, असा हा कायदा. ‘देणं’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की पैसे घेतले की नाही याला महत्त्वच नाही. शिक्षा ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. ग्रीनकार्डवर असलेल्यांनी याकडे जास्तच लक्ष द्यावं, कारण नागरिकत्वाच्या अर्जात अटक आणि गुन्ह्यांबद्दल थेट विचारतात आणि खरं तेच लिहावं लागतं.

कोर्टात काय झालं हेही थोडक्यात सांगतो. ८ एप्रिल २०२४ रोजी काउलिट्झ काउंटीच्या न्यायाधीशांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्याच दिवशी, साधारण दीड तासाच्या आत, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून त्या निकालाला स्थगिती मिळाली. त्या दुपारी आमचा फोन सारखा वाजत होता. आम्ही काहीही विकलं नाही, आणि ते बरंच झालं असं आजही वाटतं. पुढे ८ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा कायम ठेवला. “कायदा उठला म्हणे” असा निरोप कुठल्याही ग्रुपवर आला, तरी खरेदीला निघण्याआधी आम्हाला एक फोन करा.

सर्वात जास्त फसगत कुठे होते

नोकरी बदलून टेक्सास, जॉर्जिया किंवा नॉर्थ कॅरोलायनाहून इकडे येणाऱ्यांची. तिकडे पंधरा किंवा सतरा गोळ्यांचं मॅगझिन पिस्तुलासोबत डब्यातच मिळतं. घर हलवताना ते बाकीच्या सामानात बांधलं जातं आणि ट्रक राज्याच्या हद्दीत शिरतो. तिथेच ‘बाहेरून आणणं’ झालं. तिकडे घेताना ते पूर्ण कायदेशीर होतं, पण त्याचा इथे उपयोग नाही. निघण्याआधी अशी मॅगझिन्स तिकडेच विका किंवा तिकडच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि इथे आल्यावर दहाची घ्या. एआर पद्धतीची (एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित) रायफल असेल तर सामान बांधण्याआधी आमच्याशी बोलाच. २५ एप्रिल २०२३ पासून तशा रायफलींची विक्री आणि आयात वेगळ्या कायद्याने बंद आहे.

तुमचं आधीपासूनचं मॅगझिन घेऊन आयडाहोला सरावाला गेलात आणि तेच घेऊन परत आलात, तर ती आयात धरली जात नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र तेच मॅगझिन परत आलं पाहिजे. आयडाहोतल्या कोर डलेनच्या दुकानातून नवं घेऊन आलात तर तो गुन्हा. आमचा सल्ला असा की निघण्यापूर्वी घरी, टेबलावर मांडून, सगळ्या मॅगझिन्सचा एक फोटो काढून ठेवा. जुनी पावती सापडली तर तीही जपा. कायदा हे मागत नाही, पण पुढे कोणी विचारलंच तर सांगणं सोपं जातं.

भावाला, मित्राला, मोठ्या झालेल्या मुलाला जुनं मॅगझिन ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणून देऊ नका. आपल्याकडे वस्तू अशी सहज देण्याची रीत आहे, आणि इथे तीच अडचणीत आणते. नको असेल तर आमच्याकडे या. परवानाधारक दुकानाला असं मॅगझिन राज्याबाहेरच्या ग्राहकाला विकण्यासाठी घेता येतं.

मोजणी मॅगझिनची, बंदुकीची नव्हे

मर्यादा मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात यावर आहे, तुम्ही किती भरता यावर नाही. पंधराच्या मॅगझिनमध्ये दहाच भरल्या तरी ते पंधराचंच राहतं. बऱ्याच पिस्तुलांच्या मॅगझिनला मागच्या बाजूला बारीक छिद्रं असतात आणि शेजारी आकडे असतात. शेवटचा आकडा बघा.

उदाहरणं देतो. ग्लॉक १९ सोबत मूळ मॅगझिन पंधराचं येतं, ग्लॉक १७ सोबत सतराचं. दोन्हींना कंपनीची दहाची मॅगझिन्स मिळतात. बाहेरून लांबी तितकीच असते, फक्त आतली जागा कमी केलेली असते, त्यामुळे मूठ तशीच हातात बसते. छोट्या हाताच्या ग्राहकांना, विशेषतः आमच्या वर्गातल्या बायकांना, आम्ही ग्लॉक ४३एक्स हातात देऊन बघायला सांगतो. त्याचं मूळ मॅगझिनच दहाचं आहे.

पॉइंट टू-टू (.२२, म्हणजे बारीक गोळीच्या बंदुका) वाल्यांचा एक गैरसमज पक्का झाला आहे: “बावीसच्या बंदुकीला मर्यादा नाही.” हे अर्धं खरं आहे. सूट फक्त नळीसारख्या, बंदुकीतच बसवलेल्या ट्यूब मॅगझिनला आहे, आणि लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा हलवून पुढची गोळी भरायच्या) रायफलच्या ट्यूबला. रुगर १०/२२ चं काढघाल करायचं पंचवीसचं मॅगझिन या सुटीत बसत नाही. तिचं मूळ दहाचं गोल मॅगझिन मात्र चालतं, आणि शिकायला त्याहून चांगलं काही आम्हाला माहीत नाही.

तळाला लावायचा ‘प्लस टू’चा जोडही तपासा. दहाच्या मॅगझिनला तो लावला की ते बाराचं होतं, म्हणजे तुम्ही घरबसल्या बंदी असलेली वस्तू बनवलीत. सुटे भाग एकाच माणसाकडे असतील आणि ते जोडून मोठं मॅगझिन तयार होत असेल, तर कायदा त्या भागांनाही मॅगझिनच मानतो. आम्ही असे जोड ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही.

ऑनलाइन पिस्तूल घेताना

राज्याबाहेरचे विक्रेते अनेकदा नेहमीच्या डब्यातच पिस्तूल पाठवतात आणि त्यात पंधराची दोन मॅगझिन्स असतात. ती आम्ही तुमच्या हातात देऊ शकत नाही. पैसे भरण्याआधी आम्हाला मॉडेल कळवा. आम्ही विक्रेत्याला दहाच्या मॅगझिनवालंच पाठवायला लेखी सांगतो. हस्तांतराच्या वेळी सुरक्षितता प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो मागच्या पाच वर्षांतला हवा. त्यानंतर कामाचे दहा दिवस थांबावं लागतं. हा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे. १ मे २०२७ पासून खरेदीसाठी आधी परवाना काढावा लागणार आहे, तोवर त्याची माहिती आम्ही वेगळ्या पत्रकात देऊ.

एच-वन-बी व्हिसावरचे तरुण आमच्याकडे चौकशीला येतात आणि त्यांना परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं. पण फेडरल कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण आपण त्यात बसतो असं गृहीत धरू नका. ग्रीनकार्ड आल्यावर या, आम्ही आनंदाने शिकवू. हाच नियम पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना आणि मामांनाही लागू आहे. त्यांना रेंज (नेमबाजीच्या सरावाची जागा) दाखवायला जरूर आणा, काचेमागून बघू द्या. बंदूक त्यांच्या हातात देऊ नका.

रेंजची बॅग

हे आम्ही प्रत्येक वर्गात सांगतो आणि इथेही सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांचं नुकसान यातून सर्वात जास्त होऊ शकतं. रेंजला न्यायची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही वापरू नका. कधी ना कधी एक काडतूस अस्तराच्या शिवणीत अडकतं. ती बॅग घेऊन मुंबई विमानतळावर उतरलात आणि तपासणीत ते एक काडतूस निघालं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘माहीत नव्हतं’ हे पुढे कोर्टात पटतंही, पण तोवर सुट्टी संपते, तिकीट वाया जातं आणि वडिलांना वकील शोधत फिरावं लागतं.

शनिवार-रविवारी व्हँकुव्हरला जाताना गाडीचा पुढचा कप्पा आणि डिकी उघडून बघा. सरहद्द ब्लेनला आहे, पण बघायचं घरीच. कॅनडात अर्धस्वयंचलित सेंटरफायर (काडतुसाच्या तळाशी मधोमध ठोका बसून गोळी सुटते अशा) रायफलच्या मॅगझिनला पाच गोळ्यांची मर्यादा आहे आणि पिस्तुलाच्या मॅगझिनला दहाची. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये चालणारं दहाचं रायफल मॅगझिनही तिकडे बेकायदा ठरू शकतं.

दहामध्ये सराव

“दहाने काय होणार?” असं विचारणाऱ्यांना आम्ही लेनवर नेतो. नाइन एमएमचा एक डबा पन्नास काडतुसांचा असतो, म्हणजे दहाची बरोबर पाच मॅगझिन्स. दर दहा गोळ्यांनंतर थांबावं लागतं, हात खाली येतो, श्वास थाऱ्यावर येतो आणि कागदावर भोकं कुठे पडली ते दिसतं. आमच्या अनुभवात अशा थांबण्याने नवखे लवकर सुधारतात. मॅगझिन बदलायचा सराव घरी करायचा तर नकली काडतुसं वापरा आणि त्या खोलीत एकही खरी गोळी ठेवू नका.

जुनी मोठी मॅगझिन्स आता बदलून मिळणार नाहीत, म्हणून ती रोजच्या सरावात झिजवू नका. मॅगझिनच्या वरच्या ओठांना (गोळी धरून ठेवणाऱ्या कडांना) वाक किंवा चीर आली की गोळी अडकायला लागते. ती काँक्रीटवर आपटू देऊ नका.

आणि घरात लहान मुलं असतील, नातवंडं सुट्टीत येणार असतील, तर बंदूक कुलूपबंद पेटीतच ठेवा. बंदूक उघड्यावर राहिली आणि मुलाच्या हाती लागून कोणाला इजा झाली, तर २०१९ पासून तो बंदुकीच्या मालकाचा गंभीर गुन्हा आहे. पेटी घ्यायला पैसे कमी पडत असतील तर मोकळेपणाने सांगा, खटक्याला लावायचं साधं कुलूप आम्ही वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मोफत देतो.

दुकानात येताना बंदूक रिकामी करून, पेटीत घालून आणा. काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा. जुन्या मॅगझिनबद्दल विचारायचं असेल तर ते आणायची गरज नाही, मागच्या बाजूच्या आकड्यांचा फोटो पुरतो. मराठीत विचारा, मराठीत सांगू. शनिवारी सकाळी गर्दी असते, म्हणून शंका जास्त असतील तर आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी या.