हरित इमारत मानांकन आणि हवामान

हरित इमारत मानांकन म्हणजे इमारतीची जागा, ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य आणि आतली हवा तपासून तिला गुण, तारे किंवा पदक देण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये १९९० साली सुरू झालेली ‘ब्रीम’ ही यांतली सर्वांत जुनी. पुढे अमेरिकेची ‘लीड’, सिंगापूरची ‘ग्रीन मार्क’ (२००५), अबू धाबीची ‘एस्तिदामा’ (२०१०) अशा पद्धती आल्या. भारतात ‘टेरी’ या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘गृह’ पद्धत २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली.

या पद्धतींची तुलना करताना पहिली अडचण येते ती गुणांच्या वाटपात. लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या बांधकामाच्या ११० गुणांपैकी ऊर्जेला ३३ आणि पाण्याला ११ आहेत; एस्तिदामात ऊर्जेला ४४, तर पाण्याला ४३. अबू धाबीत समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते, त्यामुळे तिथे पाणी वाचवले की वीजही वाचते. लीडच्या याच आवृत्तीने प्रादेशिक गरजांसाठी ४ गुण राखून ठेवले होते, पण ११० मध्ये ४ म्हणजे फारच थोडे. दोन हवामानांतल्या दोन ‘गोल्ड’ इमारती म्हणूनच एका मापाने मोजता येत नाहीत.

भारतीय ऊर्जा संहितांनी देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. गोवा उष्ण-दमट विभागात येतो. राजस्थानात दिवसा तापणारी जाड भिंत रात्रीच्या गारव्यात निवते. गोव्यात दिवस-रात्रीच्या तापमानात तेवढा फरकच नसतो, त्यामुळे जाड भिंतीचा उपयोग मर्यादित राहतो. पाण्यावर चालणारा कूलरही इथे निरुपयोगी, कारण हवा आधीच ओलावलेली. घाम वाळवणारा वारा हाच इथला खरा दिलासा. घरांसाठीच्या २०१८ च्या ऊर्जा संहितेने, म्हणजे इको निवास संहितेने, हे नेमके ओळखले आहे. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान किती असावे, याचे तिने विभागवार प्रमाण दिले : थंड प्रदेशात ८.३३ टक्के, उष्ण-कोरड्यात १० आणि उष्ण-दमट विभागात १६.६६ टक्के. एकाच देशात दुपटीचा फरक!

पण खिडकीचे माप दिले म्हणजे काम झाले असे नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आषाढात तिरप्या सरींमुळे खिडकी बंदच ठेवावी लागली, तर ती १६.६६ टक्के कागदावरच राहते आणि खोलीला कुबट वास धरतो. जुन्या घरांनी यावर उपाय शोधले होते. उंच जोते, मंगळुरी कौलांची खूप पुढे आलेली वळचण, दारापुढचा बाल्कांव (बसायच्या बाकांचा ओटा), मधले राजांगण, आणि पावसाच्या तोंडावर भिंतीला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निसटते. काही घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अजून दिसतात : लाकडी चौकटीत बसवलेले तळहाताहून लहान, दुधी, पातळ तुकडे. त्यांतून उजेड येतो, उन्हाची तिरीप मात्र येत नाही.

असे घर मानांकनाला बसवायचे तर अडचण येते, आणि या लेखकाच्या मते सगळ्या तुलनेतला हाच कळीचा मुद्दा आहे. ऊर्जेचे बरेचसे गुण ‘प्रमाण इमारती’च्या (तुलनेसाठी कल्पिलेल्या नमुना इमारतीच्या) तुलनेत किती टक्के वीज वाचली यावर मिळतात, आणि ती प्रमाण इमारत बहुधा वातानुकूलित असते. काचेच्या इमारतीत उत्तम प्रतीची वातानुकूलन यंत्रणा बसवली तर मोठी बचत दिसते. जिथे यंत्रणाच नाही, तिथे बचत दाखवायची कशातून? यावर भारतीय उत्तर म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) आलेले अनुकूलनशील सुखदतेचे प्रारूप. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत बाहेरचे सरासरी तापमान १२.५ ते ३१ अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना माणसाला आत त्या-त्या मानाने १९.६ ते २८.५ अंश सुखद वाटते, असे ते सांगते. पंख्याखाली २८ अंशांत बसलेला पणजीकर त्रासात आहे, असे मग गृहीत धरावे लागत नाही.

साहित्याच्या गुणांतही अशीच तफावत आढळते. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत ८०० किमी परिघातले साहित्य ‘प्रादेशिक’ धरले जाई. पणजीपासून मोजले तर त्यात मुंबई आणि हैदराबाद दोन्ही येतात, म्हणजे शेजारच्या गावातून आलेला जांभा चिरा आणि हैदराबादहून आलेला माल यांना सारखाच मान. पुढच्या आवृत्तीत हा परीघ १६० किमीवर आला. चिरा काढून झाल्यावर मागे उरणारी, पावसात पाण्याने भरणारी खाण मात्र अंतराच्या या हिशेबात कुठेच येत नाही.